घटक ५ : नारायण वामन टिळक – चरित्र आणि सेवाभावी नेतृत्व

५.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला :

• नारायण वामन टिळक यांच्या जीवनातील महत्त्वाचे टप्पे सांगता येतील.
• एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळ्यांची रचना कशी होती आणि तीत भारतीय पाळकाचे स्थान काय होते, हे स्पष्ट करता येईल.
• वारकरी परंपरेतील लीनता आणि ख्रिस्ती धर्मातील सेवाभाव यांची टिळकांच्या ठायी झालेली जुळणी विशद करता येईल.
• 'देवाचा दरबार' या प्रयत्नामागील विचार समजून घेता येईल.
• चरित्रनायकाच्या मर्यादा लक्षात घेऊन त्याच्या कार्याचे तोलून मूल्यमापन करता येईल.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर येथे विठ्ठलमंदिराच्या महाद्वारात एक पायरी आहे. तिला नामदेव पायरी म्हणतात. देवाच्या दर्शनाला जाणाऱ्या भक्तांचे पाय आपल्याला लागावेत, म्हणून संत नामदेवांनी त्या ठिकाणी समाधी घेतली, असे परंपरा सांगते. त्या पायरीसमोरच संत चोखामेळा यांची समाधी आहे. वारीत लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात. सर्वांत मोठा तोच, जो सर्वांच्या पायाशी बसू शकतो, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही.

ख्रिस्ती धर्मपरंपरेतही हाच विचार केंद्रस्थानी आहे. अखेरच्या भोजनाच्या वेळी येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले, ही कथा योहानाच्या शुभवर्तमानात आली आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात मंडळीच्या वडिलांना उपदेश केला आहे, की त्यांनी आपल्याकडे सोपवलेल्या लोकांवर सत्ता गाजवू नये. आपल्या वागण्याने त्यांना कित्ता घालून द्यावा. येथे 'वडील' हा शब्द वयाने मोठा या अर्थी आलेला नाही. मंडळीची देखभाल ज्यांच्याकडे सोपवली आहे, ते वडील होत.

उपदेश सोपा असतो. तो आचरणात आणताना पद, पगार, जात आणि प्रतिष्ठा यांच्या अडचणी उभ्या राहतात. या अडचणींशी आयुष्यभर झगडलेला एक मराठी माणूस म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. वाङ्मयाचे विद्यार्थी त्यांना 'फुलामुलांचे कवी' म्हणून ओळखतात. 'वनवासी फूल' आणि 'केवढे हे क्रौर्य' या त्यांच्या कविता अनेकांनी शाळेत वाचल्या असतील. प्रस्तुत घटकात आपण कवी टिळकांपेक्षा मंडळीचे पाळक असलेल्या टिळकांकडे अधिक लक्ष देणार आहोत. हाती आलेला मोठेपणा त्यांनी टप्प्याटप्प्याने कसा खाली ठेवला आणि त्याचे मोल कोणी दिले, हा आपल्या अभ्यासाचा मुख्य प्रश्न आहे.

(सूचना : लोकमान्य बाळ गंगाधर टिळक आणि नारायण वामन टिळक या दोन भिन्न व्यक्ती आहेत. उत्तरे लिहिताना गल्लत होऊ देऊ नये.)

५.३ विषय-विवेचन

५.३.१ जडणघडण

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते आणि स्वभावाने अतिशय कडक होते. आई जानकीबाई भाविक, सौम्य आणि काव्याची आवड असणारी होती. तिच्या सहवासात नारायणाच्या मनावर भक्तीचे आणि कवितेचे पहिले संस्कार झाले. आई लवकर वारली. तिच्या मृत्यूनंतर घराचा ओढा उरला नाही आणि नारायण लहान वयातच बाहेर पडला.

नाशिकला त्यांनी गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ संस्कृतचा अभ्यास केला. इंग्रजी शिक्षण मात्र फार काळ घेता आले नाही. १८८० मध्ये नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखले घराण्यातील मनकर्णिका हिच्याशी त्यांचा विवाह झाला. हीच मुलगी पुढे 'स्मृतिचित्रे'ची लेखिका लक्ष्मीबाई टिळक म्हणून मराठी साहित्यात अजरामर झाली. टिळकांच्या आयुष्याविषयी आपल्याला जे जिव्हाळ्याचे आणि परखड तपशील कळतात, त्यांतील बरेचसे याच ग्रंथामुळे कळतात.

तरुणपणी टिळक एका जागी स्थिर राहिले नाहीत. शिक्षकाची नोकरी, कीर्तन, प्रवचन, कवित्व आणि भटकंती असे त्यांचे दिवस गेले. नागपुरात श्रीमंत आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी ग्रंथांचे काम केले आणि 'ऋषी' नावाचे मासिक चालवले. हिंदू धर्मात सुधारणा कशी होईल, देशाची उन्नती कोणत्या मार्गाने होईल, जातिभेद कसा जाईल, हे प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देत नव्हते. स्वतःचा एक नवा धर्म स्थापन करावा, इथपर्यंत त्यांचे विचार गेले होते. पुढे सेवेचा ध्यास घेणाऱ्या या माणसाच्या अंगी नेतृत्वाची आकांक्षा मुळातच होती, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी.

५.३.२ धर्मांतर आणि त्याची किंमत

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात टिळकांची एका युरोपीय गृहस्थाशी गाठ पडली. दोघांत काव्य आणि धर्म या विषयांवर संभाषण झाले. निरोप घेताना त्या गृहस्थाने त्यांना ख्रिस्ती धर्मग्रंथ दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांनी ग्रंथ वाचावयास घेतला. शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले. आपल्याला छळणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे आहेत, असे त्यांना वाटले. त्यानंतर त्यांनी पत्रव्यवहार केला, वाद घातले आणि पुष्कळ काळ मनाशी झुंज दिली.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. हा विधी रेव्हरंड तुकाराम नथोजी या भारतीय पाळकाच्या हातून झाला. ही बाब लहान दिसते, पण तिचा अर्थ मोठा आहे. त्या काळी उच्चवर्णीय, विद्वान माणसाचे धर्मांतर ही मिशनच्या दृष्टीने मोठी घटना असे आणि असा विधी युरोपीय वा अमेरिकन मिशनऱ्याने करावा, हे स्वाभाविक मानले गेले असते. नव्या जीवनाच्या पहिल्याच पावलाला टिळकांनी एका देशी पाळकापुढे मस्तक नमवले. मंडळीचे पुढारपण देशी माणसांकडे असावे, हा त्यांचा पुढील विचार या प्रसंगात बीजरूपाने दिसतो.

या निर्णयाचा सर्वांत मोठा आघात लक्ष्मीबाईंवर झाला. नवऱ्याने धर्म सोडला म्हणजे त्या काळच्या समाजात पत्नी जिवंतपणी अनाथ होई. लहानग्या दत्तूला घेऊन त्यांना माहेरच्या माणसांच्या आश्रयाने राहावे लागले. या विरहकाळात त्यांचे वास्तव्य काही काळ पंढरपुरातही होते. ज्या क्षेत्री भक्तांना समतेचे स्वप्न पडले, त्याच क्षेत्री एक परित्यक्ता स्त्री आपले सोवळे आणि आपले दुःख सांभाळीत राहिली होती. काही वर्षांनी त्या नगरला टिळकांकडे आल्या, तेव्हाही त्यांनी आपला स्वयंपाक आणि पाणी वेगळे ठेवले. टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही. पुढे, जाती देवाने निर्माण केल्या की माणसांनी, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी स्वतःलाच विचारला आणि स्वतःच त्याचे उत्तर शोधले. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. घरातल्या माणसाचे मन त्याच्या गतीने बदलू द्यावे, हा धीर टिळकांच्या उतावळ्या स्वभावाला सोपा नव्हता. म्हणून तो अधिक मोलाचा मानावा लागतो.

आपली प्रगती तपासा – १
१) टिळकांच्या बाप्तिस्म्याच्या विधीत लक्षणीय बाब कोणती?
२) लक्ष्मीबाईंचे मतपरिवर्तन कोणत्या प्रश्नामुळे झाले?

५.३.३ मिशन, मंडळी आणि वडीलपण

टिळकांचे पुढील कार्य समजण्यासाठी तत्कालीन मंडळ्यांची रचना पाहणे आवश्यक आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८१३ मध्ये मुंबईत कामाला आरंभ केला. १८३१ मध्ये अहमदनगर हे त्याचे केंद्र झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सातारा, सोलापूर आणि आसपासच्या खेड्यांत या मिशनच्या शाळा, दवाखाने आणि मंडळ्या पसरल्या. या मिशनचे मूळ ज्या पंथात होते, त्या पंथात प्रत्येक स्थानिक मंडळी स्वायत्त असते. तिने आपला पाळक निवडावा आणि आपला कारभार आपण पाहावा, अशी रीत आहे. तत्त्व असे होते. व्यवहार मात्र निराळा होता.

बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे महार, मांग अशा अस्पृश्य मानलेल्या जातींतून आलेली आणि अतिशय दरिद्री होती. पाळकाचे वेतन देण्याची ताकद त्यांच्यात नव्हती. ते वेतन मिशनकडून येई. शाळेची इमारत, राहायचे घर, मुलांचे वसतिगृह, आजारपणातले औषध हे सर्व मिशनचेच. १८९९–१९०० च्या भीषण दुष्काळात अनेक निराधार मुले आणि कुटुंबे मिशनच्या आश्रयाला आली. अन्न देणारा हात आणि धर्म शिकवणारा मुख एकाच माणसाचे झाले. मिशनरी साहेब 'मायबाप' ठरला. त्याचा हेतू शुद्ध असला, तरी या नात्यात एकाने द्यावे आणि दुसऱ्याने घ्यावे, एकाने ठरवावे आणि दुसऱ्याने ऐकावे, ही रीत पक्की होत गेली.

भारतीय पाळकाची स्थिती यात मोठी चमत्कारिक होती. मंडळीच्या लेखी तो वडील, मिशनच्या लेखी तो नोकर. वर पाहावे तर साहेबाची मर्जी, खाली पाहावे तर गरजूंची रांग. अशा जागी बसलेल्या माणसाला दोन मोह होतात. एक, वरच्याची खुशामत करणे. दुसरा, ती खुशामत करून मिळालेला रुबाब खालच्यांवर गाजवणे. टिळकांच्या बाबतीत आणखी एक मोह होता. ते ब्राह्मण कुळातून आलेले, संस्कृत जाणणारे, कवी म्हणून नावाजलेले. नव्या समाजातही त्यांना आपोआप पहिली पंगत मिळाली असती. जन्माने मिळालेले श्रेष्ठत्व त्यांनी सोडले होते. पण ते विद्वत्तेच्या आणि पदाच्या रूपाने मागील दाराने परत येऊ शकत होते. सेवाभावी नेतृत्वाची खरी कसोटी येथे लागते.

५.३.४ नगर आणि राहुरी येथील दिवस

बाप्तिस्म्यानंतर टिळक अहमदनगरला आले. तेथे रेव्हरंड रॉबर्ट ह्यूम यांच्यासारख्या मिशनऱ्यांचा स्नेह त्यांना लाभला. धर्मशिक्षणाच्या विद्यालयात पाळक होऊ इच्छिणाऱ्या तरुणांना ते शिकवू लागले. पुढे त्यांना स्वतःलाही पाळकपदाची दीक्षा मिळाली. काही वर्षे त्यांचे कुटुंब राहुरीस होते.

या काळातील टिळकांचे घर म्हणजे एक धर्मशाळाच होती. रस्त्यात भेटलेला निराधार मुलगा, आश्रय शोधणारा विद्यार्थी, उपाशी वाटसरू, कोणालाही घेऊन ते घरी येत. पोरक्या मुलांना त्यांनी पोटच्या मुलांसारखे वाढवले. नकुशी नावाची मुलगी या घरात वाढली, ती लक्ष्मीबाईंच्या आठवणींतून वाचकांना परिचित आहे. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरले. तेथे त्र्यंबक बापूजी ठोंबरे या किशोरवयीन मुलाच्या प्रतिभेने सर्वांना थक्क केले. तो मुलगा पुढे टिळकांच्या घरी येऊन राहिला. 'बालकवी' म्हणून मराठी कवितेत अढळ झालेल्या या कवीला टिळकदांपत्याने मायेचे छत्र दिले. त्याने धर्म बदलावा, अशी अट त्या मायेला नव्हती.

टिळक खेड्यापाड्यांत हिंडत, महारवाड्यात जाऊन बसत, तेथील माणसांच्या हातचे खात. हे वर्तन आज सामान्य वाटेल. त्या काळी स्पर्शाचाही विटाळ मानणाऱ्या समाजातून आलेल्या माणसाने हे करणे म्हणजे बालपणापासूनच्या सवयी उपटून काढणे होते. लक्ष्मीबाईही याच वाटेने पुढे आल्या. प्लेगच्या साथीत त्यांनी आजाऱ्यांची शुश्रूषा केली. ज्या हातांनी कधीकाळी पाण्याचे भांडे वेगळे ठेवले होते, त्याच हातांनी परक्यांच्या अंगावरचे कपडे बदलले. मंडळीचे वडीलपण केवळ व्यासपीठावरील पुरुषाकडे नसते; त्याच्या मागे उभ्या असलेल्या घराकडेही असते, हे या दांपत्याच्या उदाहरणावरून दिसते.

५.३.५ देशी रूपातील भक्ती

टिळकांच्या काळी मंडळ्यांत गायिली जाणारी बरीचशी गीते इंग्रजी गीतांची भाषांतरे असत आणि ती विलायती चालींवर म्हटली जात. खेड्यातील शेतमजुराला किंवा चांभाराला ती परकीच वाटत. टिळकांनी अभंग, ओवी, पद, भजन आणि कीर्तन या प्रकारांतून ख्रिस्तभक्ती मांडली. ते उत्तम कीर्तनकार होते. टाळ-मृदंगाच्या साथीने ख्रिस्तचरित्र सांगण्याची प्रथा रुजवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. 'उपासना संगीत' या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या गीतसंग्रहात त्यांची अनेक गीते समाविष्ट आहेत आणि ती आजही गायिली जातात. त्यांच्या भक्तिपर अभंगांचा 'अभंगांजली' हा संग्रह प्रसिद्ध आहे.

संत तुकारामांचे ऋण ते मोकळेपणाने मानीत. तुकारामांच्या अभंगांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची भावना होती. नव्या श्रद्धेसाठी जुन्या ठेव्याला तुच्छ लेखणे त्यांना मान्य नव्हते. येथेही नेतृत्वाचा एक धडा आहे. लोकांना त्यांच्या भाषेतून वर तोंड करून बोलता यावे, यासाठी पुढाऱ्याने आपली विद्वत्ता खाली उतरवावी लागते. संस्कृतप्रचुर काव्य रचू शकणाऱ्या कवीने निरक्षरांना पाठ करता येतील असे सोपे अभंग लिहिणे, हीही पाय धुण्याचीच एक रीत होय.

१८४२ पासून प्रसिद्ध होत असलेल्या 'ज्ञानोदय' या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन १९१२ पासून टिळकांकडे आले. या काळात भारतीय मंडळीने आपल्या पायांवर उभे राहावे, हा विचार त्यांनी नेटाने मांडला. मिशनऱ्यांविषयी त्यांच्या मनात कृतज्ञता होती. परंतु त्यांनी धनी म्हणून न राहता बंधू म्हणून राहावे, असे त्यांना वाटे. देशभक्ती आणि ख्रिस्तभक्ती यांत विरोध नाही, हेही ते आग्रहाने सांगत. परिणामी काही देशबांधवांना ते साहेबांचे वाटत आणि काही साहेबांना ते गरजेपेक्षा जास्त देशी वाटत.

५.३.६ देवाचा दरबार

मिशनच्या पगारावर राहून मिशनपासून स्वतंत्र होण्याचा उपदेश करणे, यातील विसंगती टिळकांना बोचत होती. १९१७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि ते साताऱ्यास गेले. तेथे त्यांनी 'देवाचा दरबार' या नावाने एक बंधुसंघ उभारण्याचा प्रयत्न केला.

या दरबाराची कल्पना तीन बाबतींत वेगळी होती. पहिली बाब म्हणजे, ख्रिस्ताचे शिष्यत्व पत्करलेल्या कोणालाही, त्याचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, तेथे जागा होती. मिशन आणि पंथ यांच्या भिंती ओलांडून भक्तांनी एकत्र यावे, ही त्यांची इच्छा होती. दुसरी बाब म्हणजे, त्याचे रूप आश्रमाचे होते. भजन, चिंतन, सेवा आणि साधेपणा यांवर भर होता. संन्यासाच्या भारतीय आदर्शाचा ठसा त्यावर उमटला होता. तिसरी आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे नावातील 'दरबार' हा शब्द. दरबार म्हटला की मानकरी आले, त्यांच्या बैठकी आल्या, कोण उजवीकडे आणि कोण डावीकडे हा प्रश्न आला. टिळकांच्या दरबारात सिंहासन एकच आणि ते देवाचे. बाकी सर्व सेवक. ज्या दरबारात राजा स्वतः शिष्यांचे पाय धुतो, तेथे मानकऱ्यांना बसावयास उच्चासन उरत नाही.

मिशनशी वैर धरून टिळक बाहेर पडले नाहीत. त्यांना कोणाचे आसन बळकावयाचे नव्हते. आसनाची रचनाच बदलावी, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी बोलण्याऐवजी आधी स्वतःचे वेतन सोडले. ज्या दोरीने पाळक वरच्यांशी बांधला जातो, ती दोरी त्यांनी आपल्या बाजूने सोडवली.

हा प्रयत्न फार काळ टिकला नाही. टिळकांची प्रकृती ढासळत गेली. ९ मे १९१९ रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले. ख्रिस्ती समाजात दफनाची चाल असताना आपल्या देहाला अग्नी द्यावा, अशी त्यांची इच्छा होती. त्याप्रमाणे दहन झाले आणि अस्थी अहमदनगर येथे ठेवण्यात आल्या. मृत्यूनंतरही आपल्या देशाच्या रीतीपासून वेगळे पडू नये, ही त्यांची ओढ त्यातून दिसते.

आपली प्रगती तपासा – २
१) भारतीय पाळकाच्या स्थितीत कोणता अंतर्विरोध होता?
२) 'देवाचा दरबार' या नावातील 'दरबार' शब्दाला टिळकांनी कोणता नवा अर्थ दिला?

५.३.७ मूल्यमापन : मोठेपण आणि मर्यादा

चरित्राचा अभ्यास म्हणजे गुणगान नव्हे. टिळक शीघ्रकोपी होते, लहरी होते, अव्यवहारी होते. घरखर्चासाठी दिलेल्या पैशांतून भलतीच वस्तू घेऊन परतणे, कोणालाही न सांगता निघून जाणे, घरात दाणा नसताना पाहुणे आणणे, हे सर्व लक्ष्मीबाईंनी हसत हसत लिहिले आहे. वाचकही हसतो. पण त्या हसण्याखाली एका स्त्रीचे अपार कष्ट आहेत, हे विसरता येत नाही. टिळक सर्वस्व देऊन टाकीत तेव्हा त्या सर्वस्वात लक्ष्मीबाईंचा वाटा असे आणि तो देताना त्यांना नेहमी विचारले जाईच असे नाही. धर्मांतर असो वा वेतनत्याग, निर्णय त्यांचा होता. ओझे मात्र दोघांनी वाहिले.

यातून एक अवघड प्रश्न उभा राहतो. जगाचा सेवक होऊ पाहणारा माणूस घरात धनी राहू शकतो काय? टिळकांच्या बाबतीत याचे उत्तर सरळ नाही. लग्नाच्या आरंभीचे टिळक आणि उत्तरायुष्यातील टिळक यांत मोठे अंतर आहे. त्यांनी लक्ष्मीबाईंना लिहावाचावयास शिकवले, त्यांच्या कवित्वाचे कौतुक केले, त्यांच्याशी वाद घातले आणि वादात हारही मानली. रागावून गेलेला माणूस परत येऊन चूक कबूल करी. लीनता हा त्यांचा जन्मजात गुण नव्हता. ती त्यांनी दररोज, पुष्कळदा हरून, शिकून घेतलेली गोष्ट होती. म्हणूनच त्यांचे उदाहरण सामान्य माणसाला जवळचे वाटते. जो मुळातच मऊ आहे, त्याच्या नम्रतेचे नवल कसले? ज्याच्या अंगी ताठा होता, त्याने वाकण्याचा यत्न केला, ही शिकण्याजोगी बाब आहे.

संस्था म्हणून पाहिले, तर देवाचा दरबार अल्पायुषी ठरला. तो एका व्यक्तीच्या तेजावर उभा होता आणि ती व्यक्ती गेल्यावर मागे भक्कम व्यवस्था उरली नाही. पदाचा मोह टाकणाऱ्या पुढाऱ्यालाही आपल्यामागे काम कोण पाहील, याची तजवीज करावी लागते, हा धडा त्यातून घेता येतो. परंतु त्यांचे दुसरे एक अपुरे काम वेगळ्या रीतीने पुढे गेले. 'ख्रिस्तायन' या ओवीबद्ध महाकाव्याचे सुमारे दहा-अकरा अध्याय लिहून टिळक गेले. कधीकाळी पतीकडून अक्षरे शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय रचले आणि शेवटचा अध्याय पुत्र देवदत्त यांनी लिहून ग्रंथ पूर्ण केला. ज्यांना आपण शिकवले, त्यांनी आपल्यापुढे जावे, यापरते वडीलपणाचे सार्थक कोणते?

५.४ सारांश

नारायण वामन टिळक यांच्या जीवनात त्यागाचे तीन टप्पे दिसतात. बाप्तिस्मा घेताना त्यांनी जन्माने मिळालेले श्रेष्ठत्व सोडले. नगर-राहुरीच्या काळात विद्वत्तेचा रुबाब उतरवून त्यांनी खेड्यातील माणसाच्या भाषेत भक्ती मांडली आणि आपले घर निराधारांना खुले केले. १९१७ मध्ये वेतन आणि पदाची सुरक्षितता सोडून त्यांनी देवाचा दरबार उभारला. या प्रवासात वारकरी संतांची लीनता आणि ख्रिस्ताचा सेवाभाव यांचा मेळ त्यांनी घातला. त्यांच्या तापट आणि अव्यवहारी स्वभावाची झळ लक्ष्मीबाईंना सोसावी लागली, हे नाकारता येत नाही. तरीही, मंडळीच्या वडिलाने आपले आसन खाली आणावे, म्हणजे इतरांना उभे राहता येते, हा विचार त्यांनी आचरणाने मांडला. आज कोणत्याही धर्माच्या, संस्थेच्या वा गावाच्या कारभारात हा विचार तितकाच उपयुक्त आहे.

५.५ पारिभाषिक शब्द व शब्दार्थ

मंडळी – ख्रिस्ती भाविकांचा स्थानिक समुदाय
पाळक – मंडळीची धार्मिक देखभाल करणारा दीक्षित सेवक
वडील – मंडळीच्या कारभाराची जबाबदारी सोपवलेली व्यक्ती
बाप्तिस्मा – ख्रिस्ती धर्मात प्रवेश करताना होणारा जलसंस्कार
शुभवर्तमान – येशू ख्रिस्ताचे चरित्र व शिकवण सांगणारा ग्रंथ
लीनता – नम्रपणा, अहंकाराचा अभाव

५.६ 'आपली प्रगती तपासा' – उत्तरे

प्रगती १ : १) हा विधी मिशनऱ्याऐवजी भारतीय पाळकाच्या हातून झाला. २) जाती देवाने निर्माण केल्या की माणसांनी, या प्रश्नामुळे.

प्रगती २ : १) मंडळीच्या लेखी तो वडील होता, तर वेतनामुळे मिशनच्या लेखी नोकर होता. २) सिंहासन एकट्या देवाचे आणि बाकी सर्व समान सेवक, हा अर्थ दिला.

५.७ स्वाध्याय

अ) पुढील प्रश्नांची सविस्तर उत्तरे लिहा.
१) मिशन आणि स्थानिक मंडळी यांच्या संबंधांतील अडचणी सांगून टिळकांनी त्यावर शोधलेला मार्ग विशद करा.
२) टिळकांच्या सेवाभावाचे मोल लक्ष्मीबाईंनी कोणत्या रूपात दिले? आपल्या मताची कारणे द्या.

आ) टिपा लिहा.
१) टिळकांचे घर : एक आश्रयस्थान
२) टिळक आणि वारकरी परंपरा
३) 'ख्रिस्तायन'ची पूर्तता

इ) क्षेत्रीय कार्य
सोलापूर शहरातील किंवा आपल्या गावाजवळील एखाद्या ख्रिस्ती मंडळीच्या उपासनेस परवानगी घेऊन उपस्थित राहा. तेथे गायिल्या जाणाऱ्या मराठी गीतांच्या चाली आणि रचना यांची नोंद करा. शक्य झाल्यास एखाद्या वारकरी भजनी मंडळाच्या कार्यक्रमालाही जा. दोन्ही ठिकाणी बसण्याची व्यवस्था कोण पाहतो, पाणी कोण देतो, शेवटी आवराआवर कोण करतो, हे बारकाईने पाहा. पुढारपण आणि सेवा यांचे नाते त्यातून कसे दिसते, याविषयी दोन पाने लिहा. अहवालात व्यक्तींची नावे देऊ नयेत.